विषय: उत्तर: उत्तर: दावं सोडायचं की नाही? बाबा ऐकत नाहीत

वैशाली (सध्या गावी, निलंगा), सकाळी 10:20
ओमानमधल्या मंडळींनो, बंगालच्या उपसागरातलं वादळ जमिनीवर आलंय, पाऊस इकडं सरकतोय. नदीकाठच्यांनी शाळेत या, असं ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगितलं. आईच्या गोळ्या, पासबुक, आधार, टॉर्च सगळं डब्यात भरलंय. अडलंय गोठ्यावर. दोन म्हशी, बैलजोडी, एक कालवड. बाबा म्हणतात, सोडली तर कुणाच्याही सोयाबीनात शिरतील. बांधून ठेवतो आणि मी आखाड्यावरच (शेतातल्या गोठ्यावर) थांबतो. 2021 ला गुलाब चक्रीवादळाच्या वेळी मांजरा धरणाचे 18 दरवाजे उघडले तेव्हाही असेच थांबले होते, आणि मी मस्कतहून रात्रभर फोन लावत होते. कुणी काय केलं होतं, लगेच लिहा.

सुधाकरकाका, 10:55
सोड. पण रात्री पाण्यात नव्हे, आत्ता उजेड आहे तोवर माळावर हाका. म्हैस चांगली पोहते, पण दाव्याला बांधलेली जागीच बुडते. गुलाबमध्ये आमच्या भावाची तीन जनावरं दावणीला गेली. पाणी ओसरल्यावर कासरा खुंट्याला पीळ घालून ताणलेला होता. गाठ भिजून इतकी आवळली होती की विळ्यानं कापावी लागली. भावानं फोटो पाठवला होता, तो मला अजून उघडवत नाही.

मीनाताई, 11:10
काका, वाऱ्याचं कुणीच बोलत नाही. तेच गुलाब अरबी समुद्रात उतरून 3 ऑक्टोबरला शाहीन म्हणून आपल्या ओमानच्या बातिना किनाऱ्यावर आलं. आम्ही सुवैकला होतो. वारा एकदम पडला, हे गाडी बघायला दार उघडत होते, मी दंडाला धरून मागं ओढलं. थोड्याच वेळात उलट्या दिशेनं पुन्हा सुरू. वादळाचा डोळा डोक्यावरून जात असतो. वैशाली, वारा थांबला म्हणून बाबांना बाहेर सोडू नकोस.

संजय (कार्यकारिणी), 11:25
ताई, ते किनाऱ्याचं. लातूरला पोचेपर्यंत डोळा उरत नाही, पाऊस उरतो. तिथं धोका पाण्याचा, विजेचा आणि माळवदाच्या (मातीच्या छताच्या) घराचा. दोन दिवस माती मुरली की भिंत फुगते, अशा घरात रात्री झोपायचं नाही. आणि कृपया गावाकडच्यांची वेगळी यादी सुरू करू नका. काल कुणीतरी केली. ती 2021 पासून मी सांभाळतोय. दोन याद्या झाल्या की एकाच घरी चार-चार फोन जातात आणि नेमकी त्यांचीच बॅटरी संपते.

मीनाताई, 11:31
यादी मी केली, कारण तुमच्या यादीत धाराशिवची दोन घरं नव्हती. गेल्या सप्टेंबरात परांड्याकडं सीनेला पूर आला तेव्हा त्यांना कुणीच विचारलं नाही. ती आधी घाला, मग माझी बंद करते.

अनिल (परभणी, रजेवर), 11:50
वैशालीताई, हाकायच्या आधी प्रत्येक जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा फोटो काढा, 12 आकडी नंबर स्पष्ट दिसला पाहिजे. देव न करो, पण जनावर गेलं तर पंचनामा आणि शवविच्छेदन होईपर्यंत पुरू नका, भरपाई तिथंच अडते. आमच्या चुलत्यांची अडली. विजा कडाडत असतील तर माळावर झाडाखाली थांबू नका. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप बघून निघा. आणि नाल्यावरून पाणी वाहत असेल तर पलीकडं जायचंच नाही, म्हैस पलीकडं असली तरी.

संजय, 12:05
मीनाताई, दोन्ही घरं घातली. नंबर पाठवा.

वैशाली, दुपारी 4:40
काकांचा गाठीचा मजकूर बाबांना वाचून दाखवला. काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं विळा घेऊन उठले आणि सगळ्यांची दावी कापली, म्हणाले, परत बांधायचा मोहच नको. कालवड पुढं, म्हशी मागं, नाला भरायच्या आत माळावर पोचली. बाबा शाळेच्या व्हरांड्यात बसलेत, तिथून माळ दिसतो. आमच्या विहिरीत पुराचं पाणी गेलंच तर उपसून, ब्लीचिंग टाकूनच वापरू; तोवर दोन घागरी भरून आणल्यात. माझा फोन 20 टक्क्यांवर आलाय. संजयदादा, रात्री 9 ला तुम्ही एकट्यानंच लावा, बाकी कुणी लावू नका.