मदत हवी आहे: कम्युनिटी रेडिओचा टॉवर, ३० मीटर चालतो की नाही? (कोल्हापूर)

पूररेषा: सोमवारी सकाळी फॅब्रिकेटर माणसं घेऊन येतोय आणि मला अजून एका साध्या प्रश्नाचं उत्तर मिळेना. आमच्या संस्थेचा कम्युनिटी रेडिओ होतोय. टॉवर तयार आहे, ३ मीटरचे १० सेक्शन. तांबडा-पांढरा रंग मारून व्हरांड्यात रचून ठेवलेत, नटबोल्टांचं पोतं वेगळं. काल एक जण बघून गेले आणि म्हणाले, एवढा उंच चालणार नाही. नियमात तर ३० मीटर लिहिलंय! ॲडव्हान्स देऊन झालाय. चालतो की नाही, कृपया एवढंच सांगा.

डायपोल_काका: एवढंच सांगता येत नाही. टॉवर उभा कुठं करणार, जमिनीवर की इमारतीवर? एलओआय, म्हणजे सरकारचं इरादापत्र, आलंय का? सॅकफाच्या, म्हणजे टॉवरच्या जागेला मंजुरी देणाऱ्या केंद्राच्या समितीच्या, अर्जात किती उंची भरली? उजळाईवाडीच्या विमानतळापासून किती लांब आहात?

घाटमाथा_७७: कशाला एवढा खटाटोप दादा? इंटरनेट रेडिओ काढा. परवाना नको, टॉवर नको. माझा भाचा भजनांचा चालवतोय, दुबईतनं लोक ऐकतात.

पूररेषा: दादा नव्हे, ताई. एलओआय आलंय, त्याशिवाय टॉवर केला असता का? गाव शिरोलीच्या बाजूला, पंचगंगेच्या काठावर. विमानतळ ८-९ किलोमीटर असेल. टॉवर शाळेच्या गच्चीवर घेणार आहोत.

आणि इंटरनेटचं म्हणाल तर २०१९ ला तुम्ही इथं असायला हवं होतं. आधी लाइट गेली, दुसऱ्या दिवशी मोबाइलची रेंज गेली. हायवे पाण्याखाली. राजाराम बंधाऱ्यावरच्या पाण्यानं ४३ फुटांची धोका पातळी कधीच ओलांडली होती, पण बोट गावात कुठल्या बाजूनं येणार हे खालच्या आळीला कळवायला काहीच नव्हतं. माझ्या सासऱ्यांचा सेलवरचा ट्रान्झिस्टर तेवढा चालू होता. त्यावर जिल्ह्याचं कळत होतं, आमच्या आळीचं नाही. त्या आळीपुरतं बोलायला हा रेडिओ हवाय. दुबईला ऐकू नाही गेला तरी चालेल.

डायपोल_काका: ताई, गच्चीवर म्हणालात तिथंच सगळं आलं. ३० मीटर ही अँटेनाची उंची जमिनीपासून मोजतात, टॉवरच्या पायापासून नाही. इमारत धरून ३०. इमारत किती उंच आहे?

अँगल_चॅनल: काका, चुकीचं सांगू नका. मी २२ वर्षं टॉवर उभे करतोय. मोबाइलचे किती तरी टॉवर चार मजल्यांच्या बिल्डिंगवर आहेत, वर आणखी २५-३० मीटर. कुणी काही म्हणत नाही. ताई, बिनधास्त उभा करा. ताणाच्या तारा मात्र माझ्या पद्धतीनं घ्या, तीन दिशांना दोन-दोन.

डायपोल_काका: मोबाइल टॉवरचा नियम वेगळा, कम्युनिटी रेडिओचा वेगळा. कम्युनिटी रेडिओच्या धोरणात सरळ लिहिलंय: अँटेना जमिनीपासून जास्तीत जास्त ३० मीटर आणि कमीत कमी १५. खालची मर्यादा माणसांवर लहरींचा मारा होऊ नये म्हणून. ट्रान्समीटर ५० वॉटचा आणि अँटेनातून निघणारी परिणामी शक्ती १०० वॉटपर्यंत. फारच अडचणीची जागा असेल तर २५० पर्यंत मंजुरी मिळू शकते, पण ती समितीपुढं जाऊन.

रेडिओवेडा_शाहूपुरी: आकाशवाणी कोल्हापूरचं सकाळचं प्रक्षेपण सुरू झालं की आमच्या घरी आई चहाचं आधण ठेवायची. १०२.७ लावा, अजूनही तसंच वाटतं. ताईंच्या रेडिओला मनापासून शुभेच्छा.

पूररेषा: गच्ची जमिनीपासून १०.८ मीटर. म्हणजे ३० चा टॉवर घातला की ४० च्या वर. पण मग विमानतळाच्या एनओसीवर ५८२ मीटर कसं लिहिलंय? फॅब्रिकेटर तोच कागद दाखवून म्हणतो, सरकारनंच ५८२ दिलेत, तुम्ही ४० ला कशाला घाबरता.

डायपोल_काका: हा आकडा आधीच द्यायचा होता. ते ५८२ समुद्रसपाटीपासून आहेत, जमिनीपासून नाही. त्याच कागदावर तुमच्या जागेची उंची असेल, ती बघा.

पूररेषा: ५४९.

डायपोल_काका: मग ५८२ वजा ५४९, झाले ३३ मीटर. विमानांच्या दृष्टीनं तुमच्या जागेवर जमिनीपासून ३३ च्या वर काहीही जाता कामा नये. त्या ३३ मध्ये वीजरोधकाचा दांडा, दिवा, सगळं धरतात. रेडिओच्या नियमानं अँटेना ३० पर्यंत. दोन्ही पाळायचे. ४० चा टॉवर दोन्हीकडं बसत नाही.

अँगल_चॅनल: मग सोपं आहे. टॉवर जमिनीवर घ्या, पूर्ण ३०. मैदान असेल की शाळेला.

पूररेषा: आधी तसंच ठरलं होतं, अर्जातही तेच आहे. पण मैदानात २०१९ ला पाणी होतं आणि २०२१ लाही. शाळेच्या भिंतीवर दोन्ही वर्षांच्या रेघा आम्ही ऑइलपेंटनं आखून ठेवल्यात, २०१९ ची माझ्या खांद्याच्या वर येते. ट्रान्समीटरची खोली खाली ठेवली तर ज्या दिवशी रेडिओ लागणार त्याच दिवशी तो बुडणार. म्हणून खोली दुसऱ्या मजल्यावर आणि टॉवर गच्चीवर.

डायपोल_काका: म्हणजे अर्जात जमिनीवरचा टॉवर आणि प्रत्यक्षात गच्चीवरचा! तुमचा पहिला प्रश्न उंचीचा होता, पण खरी अडचण ही आहे. सॅकफाच्या अर्जात इमारतीची उंची वेगळी आणि वरच्या मास्टची वेगळी भरावी लागते. दुरुस्ती केल्याशिवाय सोमवारी एक बोल्टही आवळू नका. गच्चीचे अक्षांश-रेखांशही तपासा.

माणदेशी_वारं: काकांशी सहमत. आमच्या केंद्राची जागा कागदापेक्षा २०० मीटर सरकली होती. वाटलं, एकाच गावात आहे, काय फरक पडतो. सगळे कागद नव्यानं करावे लागले, चार महिने गेले, तोवर ट्रान्समीटर खोक्यात. ताई, तुमचं आवार तेच असलं तरी आधी कळवा.

लहरी_हॅम: पुरासाठीच हवं असेल तर सरळ हॅमचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशाचा, परवाना काढा. परीक्षा अवघड नाही. भूकंप असो, पूर असो, हॅमवालेच आधी पोचतात. मी मोर्स शिकवायला तयार आहे.

माणदेशी_वारं: हॅम म्हणजे माणसानं माणसाशी बोलायचं. आळीतल्या आजीच्या हातात साधा एफएम सेट आहे, तिला मोर्स काय कामाचा?

लहरी_हॅम: आजीला शिकवा म्हणालो नाही. गावात दोन हॅम असले तर तहसीलशी बोलणं तुटत नाही. नदीची पातळी रेडिओला तरी कोण सांगणार?

नियमावर_बोट: एक लक्षात ठेवा, कम्युनिटी रेडिओवर स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात.

माणदेशी_वारं: हे कुणी विचारलं नव्हतं. पण निघालंच आहे तर पुरतं सांगा. हवामान, वाहतूक, वीज-पाणी, आरोग्याच्या सूचना, नैसर्गिक आपत्तीची स्थानिक प्रशासनानं दिलेली माहिती, हे बातमीत धरत नाहीत. ताईंना बोटीची वेळ सांगता येईल, फक्त ती प्रशासनाकडून आलेली हवी. त्यांच्याशी आत्ताच बोलून ठेवा, पाणी चढल्यावर फोन लागत नाहीत.

पूररेषा: हे फार बरं सांगितलंत. आता टॉवर १८ मीटरचा केला तर आवाज पोचेल का? दुकानदार म्हणतो, उंची कमी झाली तर ४ बेची, म्हणजे एकावर एक चार भाग असलेली, अँटेना घ्या, भरून निघेल.

अँगल_चॅनल: घ्या की ४ बे. जास्त बे, जास्त लांब. साधा हिशेब आहे.

डायपोल_काका: तो हिशेब तुम्हाला नियमाबाहेर नेतो. ढोबळमानानं उभ्या डायपोलच्या २ बेला शक्ती दुप्पट धरा, ४ बेला चौपट. ५० वॉटचे दुप्पट १०० झाले, मर्यादा तिथंच संपली. ४ बे लावून पूर्ण ५० वॉट सोडले तर तुम्ही २०० च्या आसपास. शिवाय ४ बे म्हणजे टॉवरवर चौपट वारं.

आणि उंची कमी होतेय कुठं? गच्ची १०.८, त्यावर १८, झाले २८.८. जमिनीवरच्या ३० मीटरच्या टॉवरहून जेमतेम सव्वा मीटर कमी. पाच-दहा किलोमीटरसाठी हा रेडिओ असतो, शिरोलीची जमीन सपाट आहे, तुमच्या खालच्या आळीला खणखणीत ऐकू जाईल.

जपायची ती केबल. ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंत तुम्हाला २४-२५ मीटर लागेल. अर्ध्या इंचाची फोमची केबल घेतली तर ५० मधले ४४ वॉट वर पोचतात. दुकानदारानं पातळ आरजी-५८ गळ्यात मारली तर निम्म्याहून जास्त शक्ती केबलच खाईल, मग कितीही बे लावा.

अँगल_चॅनल: केबलचं मान्य. ४ बेचंही सोडतो, १०० वॉटचा नियम मला माहीत नव्हता. पण गच्चीवर माझं ऐका. ताणाच्या तारांचे हूक स्लॅबमध्ये किंवा कठड्यात मारू नका, कॉलमच्या डोक्यावरच घ्या. जूनचं वारं कठडा उपटून नेतं. बेस प्लेटही बीमवर यायला पाहिजे. इमारत किती सालची? इंजिनिअरनं बघितलीय का?

पूररेषा: २००४ ची. इंजिनिअर आमच्या एका सदस्याचे भाऊ आहेत, उद्या रविवारी नकाशा घेऊन येतायत.

अँगल_चॅनल: नुसती तोंडी हो घेऊ नका, सहीशिक्क्याचं पत्र घ्या. आणि वीजरोधकाची तांब्याची पट्टी सरळ खाली जमिनीत वेगळ्या अर्थिंगला न्या, शाळेच्या अर्थिंगला जोडू नका.

डायपोल_काका: शेवटच्या वाक्याशी असहमत. पट्टी सरळ खाली न्या, खड्डा वेगळा करा, इथवर बरोबर. पण जमिनीत सगळी अर्थिंग एकमेकांना जोडलेलीच हवीत. वेगळी ठेवली तर वीज पडल्यावर दोन्हीतला फरक तुमच्या ट्रान्समीटरमधून वाट काढतो.

अँगल_चॅनल: आम्ही आजवर वेगळंच ठेवत आलोय.

डायपोल_काका: आणि किती ठिकाणी वीज पडल्यावर यंत्र गेलं?

अँगल_चॅनल: दोन ठिकाणी गेलंय. बरं, जोडा.

पूररेषा: फॅब्रिकेटरला फोन केला. आधी चिडला, मग ५८२ वजा ५४९ करून दाखवल्यावर गप्प झाला. सोमवारचं काम थांबवलंय. दुरुस्तीच्या अर्जात इमारत १०.८, मास्ट १८ असं लिहितोय. वीजरोधकाचा दांडा दीड मीटर, सगळं मिळून ३०.३, म्हणजे ३३ च्या आत. अँटेना २ बे, टोक २८.८ च्या वर जाणार नाही. बरोबर ना काका?

डायपोल_काका: बरोबर. तिन्ही आकडे जमिनीपासूनचे आणि समुद्रसपाटीपासूनचे असे दोन्ही लिहा, म्हणजे परत कुणी ५८२ चा घोळ घालणार नाही. एनओसी मैदानातल्या जागेची असेल तर गच्चीच्या अक्षांश-रेखांशांसाठी तीही दुरुस्त करून घ्या.

कृष्णाकाठ_वाडी: ताई, धागा पहिल्यापासून वाचला. आमचा शिरोळ तालुक्यातून अर्ज चाललाय, पाण्याची गत तुमच्यासारखीच. तुमच्याकडं १० मधले ४ सेक्शन उरणार. आमची गच्ची १४ मीटर आहे, ४ सेक्शन म्हणजे २६ होतात. एलओआय आल्यावर विकणार का?

पूररेषा: ठेवते बाजूला. बोल्ट त्याच पोत्यात आहेत, मोजून वेगळे काढते. पण आधी तुमच्या अर्जात गच्ची लिहिलीय का ते बघा.