मदत हवी आहे: रिअल एलच्या छोट्या महोत्सवात बिअर निवळायला जेमतेम दीड दिवस मिळणार असेल तर काय करावे?

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडमध्ये लेस्टरशायरमधील एका छोट्या गावी राहते. आमच्या गावचा रिअल एलचा महोत्सव दरवर्षी जूनच्या सुरुवातीला सार्वजनिक हॉलमध्ये भरतो आणि तो सर्वस्वी स्वयंसेवक चालवतात. यंदा सेलरची जबाबदारी, म्हणजे पिंपे उतरवून घेण्यापासून बिअर ग्लासात स्वच्छ उतरेपर्यंतचे सगळे काम, माझ्याकडे आली आहे. ज्या गृहस्थांनी ते अनेक वर्षे सांभाळले त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत; सल्ला द्यायला मात्र ते आनंदाने तयार असतात. तरीही या वर्षीची अडचण त्यांच्याही अनुभवाबाहेरची आहे, म्हणून येथे विचारते आहे. आपल्यापैकी बरेच जण ब्रिटनमध्ये राहतात आणि काही जण अशा महोत्सवांत बारमागे उभे राहिलेले आहेत, हे मला ठाऊक आहे.

ज्यांचा या विषयाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. रिअल एल ही ज्या पिंपातून वाढली जाते त्याच पिंपात तिचे दुसरे आंबवणे होते आणि बाहेरचा कार्बन डायऑक्साइड न वापरता ती ग्लासात येते. मोठ्या कंपन्यांच्या गाळलेल्या, वायू भरलेल्या बिअरपुढे हा प्रकार नामशेष होऊ लागला, तेव्हा 1971 साली चार इंग्रज मित्रांनी आयर्लंडमधील केरी परगण्यात सुटीवर असताना एक मोहीम सुरू केली, आणि तीच पुढे कॅमरा या नावाने ओळखली जाऊ लागली. केंब्रिजचा महोत्सव 1974 पासून भरतो. आज गावोगावी जे महोत्सव दिसतात त्यांतील बहुतेक कॅमराच्या स्थानिक शाखा, क्रिकेट क्लब किंवा चर्चची मंडळी चालवतात आणि कामाचा मोबदला कोणीही घेत नाही. मला या परंपरेविषयी मनापासून आदर आहे. ज्या गावात आम्हाला कोणी ओळखत नव्हते तेथे पहिली खरी मैत्री मला या हॉलमध्ये पिंपे पुसताना मिळाली.

आता अडचण. जिवंत बिअरमध्ये यीस्ट असते आणि पिंप हलले की साका वर येतो. तो खाली बसावा म्हणून बिअरमध्ये आयझिंग्लास घातलेले असते. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर जे होते तेच येथे होते, फक्त त्याला थंडावा आणि स्वस्थता लागते. शिवाय पिंप आडवे ठेवल्यावर वरच्या बुचात मऊ, सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकून जास्तीचा वायू बाहेर जाऊ द्यावा लागतो, फेस शमला की तिच्या जागी कठीण लाकडाची खुंटी बसवावी लागते, आणि मगच पुढच्या बाजूचा नळ ठोकून चव पाहता येते. आजवर आमची पिंपे मंगळवारी सकाळी येत असत आणि महोत्सव शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता उघडत असे, त्यामुळे हे सारे निवांतपणे पार पडे. यंदा मात्र हॉलमध्ये बुधवारी रात्रीपर्यंत लहान मुलांचे वर्ग असल्याने किल्ली गुरुवारी सकाळीच मिळणार आहे. महोत्सवाची जाहिरात झाली आहे आणि तात्पुरत्या परवान्याची सूचनाही कौन्सिलकडे गेली आहे, तेव्हा तारीख बदलणे शक्य नाही.

आम्ही 24 फर्किन मागवण्याच्या विचारात आहोत. एका फर्किनमध्ये 9 गॅलन, म्हणजे 72 पाइंट बिअर असते, आणि भरलेल्या पिंपाचे वजन साधारण 50 किलो भरते. सेलरमध्ये तापमान 12 अंशांच्या आसपास हवे, पण या हॉलला दक्षिणेकडे मोठ्या खिडक्या आहेत. आपल्या मंडळाचा एक कार्यक्रम तेथेच झाला होता, तेव्हा उन्हाच्या दिवशी दुपारी तो किती तापतो हे मी पाहिले आहे. थंड पाणी खेळवणारी यंत्रणा आम्ही भाड्याने घेतो, परंतु तिच्यात बारा पिंपांपुरत्याच नळ्या आहेत. उरलेल्यांवर आम्ही ओले गोणपाट टाकून पंखे लावतो.

समितीत एक सूचना अशी आली की सगळीच बिअर ब्राइट मागवावी, म्हणजे साक्यावरून निथळून दुसऱ्या पिंपात भरलेली. ती आल्या आल्या वाढता येते, हे खरे. पण ती दिवसभरातच उतरू लागते, आणि जिवंत बिअरसाठी भरवलेल्या महोत्सवात एकाही पिंपात साका नसावा हे माझ्या मनाला पटत नाही. आमच्या जुन्या सभासदांनाही ते पटणार नाही. यावर मधला मार्ग आहे का? तसेच आयझिंग्लास माशांच्या पोटातील वायूच्या पिशवीपासून बनते, म्हणून आमच्या शाकाहारी स्वयंसेवकांसाठी आणि पाहुण्यांसाठी ते न घातलेल्या काही बिअर ठेवण्याची माझी इच्छा आहे. अशी बिअर निवळायला आणखी वेळ लागतो, तेव्हा यंदा हा विचार सोडून द्यावा का?

प्रतिसाद:

ताई, मी यॉर्कशायरमधील एका महोत्सवात सेलरचे काम पाहतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तुमच्याकडे वेळ कमी आहे हे खरे, पण सगळ्या पिंपांना एकसारखा वेळ लागतो असे मात्र नाही. शुक्रवारी संध्याकाळी 24 नळ उघडण्याची काहीच गरज नाही. बारा उघडा आणि बारा शनिवारसाठी हात न लावता पडू द्या. एकदा नळ उघडला की बिअर तीन दिवसांत संपवावी लागते, त्यामुळे या क्रमाने शनिवारी रात्रीही ताजी बिअर मिळेल.

थंडाव्याची बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. जूनच्या उन्हात व्हॅनमधून आलेले पिंप ओल्या गोणपाटाने एका रात्रीत 12 अंशांवर येत नाही. गावातील क्रिकेट क्लबला किंवा पबला थंड सेलर असेल तर मंगळवारी माल तेथे उतरवून घ्या, खुंट्या न ठोकता तसाच राहू द्या आणि गुरुवारी सकाळी हॉलमध्ये आणून लगेच आडवा लावा. वाटेत साका हलेल, पण बिअर थंड असली तर चोवीस तासांत बहुतेक पिंपे निवळतात. ब्रुअरीला फोन करून कोणती बिअर जास्त उसळते हे आधीच विचारा. तिची खुंटी सर्वांत आधी ठोका आणि तोंडावर फडके धरा, नाहीतर फेस छतापर्यंत उडतो.

आयझिंग्लास नसलेली बिअर अवश्य ठेवा. फलकावर ती धूसर असणार असे स्पष्ट लिहिले की कोणी ग्लास परत आणत नाही. स्टाउट आणि पोर्टर या प्रकारच्या बिअर तर इतक्या काळ्या असतात की हलका धूसरपणा दिसतही नाही, म्हणून शुक्रवारच्या यादीत त्यांना झुकते माप द्या. ब्राइट घ्यायचीच असेल तर जवळच्या ब्रुअरीची दोन पिंपे पुरेत. ती शुक्रवारी रात्रीच संपवायची आणि फलकावर तसे प्रामाणिकपणे लिहायचे.

मूळ लेखिकेचे उत्तर:

दादा, अगदी नेमके लिहिलेत, मनापासून आभार. दोन टप्प्यांत नळ उघडण्याची सूचना मी आजच समितीपुढे ठेवली आणि ती मान्य झाली. क्रिकेट क्लबच्या चिटणीसांशीही बोलले. त्यांच्या सेलरमध्ये सोळा फर्किन मावतील आणि ते जागा द्यायला तयार आहेत. उरलेली आठ आम्ही गुरुवारी सकाळी थेट हॉलवर मागवू आणि शनिवारच्या बाजूला लावू. त्यांना थंड व्हायला त्यामुळे एक दिवस जास्त मिळेल.

आता प्रश्न उरला तो माणसांचा. क्लबपासून हॉल पायी दहा मिनिटांवर आहे, पण सोळा पिंपे व्हॅनमध्ये चढवायची आणि पायऱ्यांवरून आत न्यायची म्हणजे पाठीने धडधाकट अशी चार-पाच माणसे हवीत, आणि आमचे बहुतेक स्वयंसेवक सत्तरीच्या पुढचे आहेत. लेस्टर, लफबरो किंवा नॉटिंगहॅमच्या परिसरात राहणाऱ्यांपैकी कोणाला गुरुवारी सकाळी आठ ते अकरा येणे जमेल का? मागे लिफ्ट असलेली व्हॅन कोणाकडे असेल तर तेही कळवावे. दुपारच्या जेवणाची सोय मी करीन. शाकाहारी आणि मांसाहारी दोन्ही असेल.