अंगावरून जास्त जाणे: गोळ्या, तांबी आणि आपले अनुभव

पाळीत अंगावरून जास्त जाणे हे दुखणे आहे, हेच आपल्याकडे लवकर मान्य होत नाही, आणि मान्य झाले की थेट पिशवी काढण्याचीच गोष्ट निघते. ज्यांनी त्याआधीचे उपाय करून पाहिले, त्यांनी त्रासासकट लिहावे. सुरुवात मीच करते.

जुळे सोलापूर, वय ४३. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर साडीला डाग लागला, तेव्हा डॉक्टर गाठले. तासाला पॅड बदलत होते, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी जात होत्या, तरी मी वयाला बोल लावत होते. हिमोग्लोबिन ७.४ निघाले. चाळिशी उलटल्यामुळे पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासला आणि तो निर्दोष आल्यावरच लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे हार्मोन सोडणारी तांबी बसवली. साध्या तांबीने रक्तस्राव वाढू शकतो, ही मात्र अस्तर पातळ करून तो घटवते. पण दिसायला दोन्ही सारख्याच, त्यामुळे सासूबाईंना हे पटेना. पहिले चार महिने रोज थोडे डाग पडत, तेव्हा ती काढून टाकावी असे दोनदा मनात आले. आता पाळीत एखादा ठिपका दिसतो, इतकेच.

विडी घरकुल, वय २९. हजार विड्या पुऱ्या होईपर्यंत बसून राहायचे आणि उठताना मागे डाग तर नाही ना, हे चाचपायचे, असे माझे ते दिवस जात. सरकारी दवाखान्यात ‘छाया’ ही गर्भनिरोधक गोळी फुकट मिळाली. तिच्यात हार्मोन नसते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची. जाणे कमी झाले, पण एकदा पाळी इतकी लांबली की दिवस गेले की काय या धास्तीने तपासणी करून घेतली.

होटगी रोड, वय ३७. मला इस्ट्रोजेन हार्मोन असलेल्या २१ दिवसांच्या गर्भनिरोधक गोळ्या दिल्या होत्या. डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक येते, हे मी सांगितलेच नव्हते, कारण पाळीशी त्याचा काय संबंध? दुसऱ्या डॉक्टरांनी ते विचारून गोळ्या बंद केल्या. अशा अर्धशिशीत इस्ट्रोजेनमुळे पक्षाघाताचा धोका वाढतो. आता जास्त जाण्याच्या दिवसांपुरते ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करणारे औषध घेते.

अक्कलकोट रोड, एक आई. माझ्या १४ वर्षांच्या मुलीला पहिल्या पाळीपासूनच दहा-दहा दिवस जाई. तपासणीत रक्त गोठण्यातला जन्मजात दोष निघाला, त्याला फॉन विलेब्रांट म्हणतात. तिला गर्भनिरोधक गोळ्याच औषध म्हणून दिल्या आहेत आणि ती आता पाळीतही शाळा बुडवत नाही. पाकीट मात्र अजून ज्वारीच्या डब्यामागे ठेवते, कारण शेजारच्या काकू स्वयंपाकघरापर्यंत येतात.