एसएसडी भरत आली आणि लॅपटॉप रखडायला लागला

प्रश्न: मंडळी, मदत करा. लग्नाचे फोटो काढतो. लॅपटॉपमध्ये ५१२ जीबीची क्यूएलसी एसएसडी आहे, जेमतेम ३० जीबी रिकामी. बाहेरच्या एसएसडीवरून फोल्डर कॉपी करताना सुरुवात झकास होते, मग वेग सेकंदाला ७० एमबीवर येतो आणि लाइटरूम (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) गोठतं. ड्राइव्ह गेली का?

उत्तर: लगेच घाबरू नका. क्यूएलसी हा एसएसडीच्या मेमरीचा प्रकार; त्याच्या एका सेलमध्ये (डेटा साठवणाऱ्या कप्प्यात) ४ बिट बसतात, त्यामुळे लिहायला वेळ लागतो. म्हणून ड्राइव्ह रिकाम्या जागेचा काही भाग एका सेलला १ बिट असा वापरते. तोच एसएलसी कॅश, म्हणजे आधी झटपट लिहून घ्यायची जागा; ती भरली की वेग पडतो. डिस्क भरली की बहुतेक ड्राइव्हमध्ये तो आक्रसतो. आधी १०० जीबी मोकळे करा.

उत्तर: सहमत. शिवाय विंडोजमधलं ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ चालवा, म्हणजे ट्रिम होईल (डिलीट केलेली जागा मोकळी आहे हे ड्राइव्हला कळेल). क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्ह तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये हेल्थ आणि तापमानही बघा. तापली तरी वेग पडतो. पण बॅकअप सगळ्यात आधी! लोकांच्या लग्नाचे फोटो परत काढता येत नाहीत.

प्रश्नकर्ता: बॅकअप घेतला, जुनी लग्नं बाहेरच्या डिस्कवर हलवली, ट्रिम केलं. हेल्थ ९४ टक्के. आता अख्खं फोल्डर न अडकता उतरतं. मनापासून आभार.