चर्चा धागा: पोठोहारीला पंजाबीची ‘बोली’ म्हणणं कितपत योग्य?

उत्तरायण:
रावळपिंडी, गुजरखान, झेलम नदीपलीकडचं मिरपूर, हा पोठोहारीचा मुलूख. लाहोर-अमृतसरच्या ‘माझी’ नावाच्या पंजाबी बोलीत षष्ठीला दा-दे-दी लागतं, इथे ना-ने-नी. तिकडचं ‘मैनूं’ (मला) इथे ‘मिकी’, ‘तैनूं’चं (तुला) ‘तुकी’. भविष्यकाळ तर मुळातूनच निराळा: ‘करांगा’ (करीन) नाही, ‘करसां’. विभक्ती आणि काळ हा भाषेचा सांगाडा असतो. तोच वेगळा असेल तर बोली कशाच्या आधारावर म्हणायचं? ब्रिटिशकाळात भारतीय भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या ग्रियर्सननेही हा भाग पंजाबीत न धरता ‘लहंदा’ या वेगळ्या गटात टाकला होता.

पाचवा दर्या:
ग्रियर्सनने आखलेली रेघ नकाशावर आहे, माणसांच्या तोंडात नाही. झेलमकडून गुजरातकडे (पाकिस्तानातला जिल्हा) आलात तर भाषा गावागणिक थोडी थोडी बदलते, तुटत कुठेच नाही. शिवाय पोठोहारीतही पंजाबीसारखेच सूर आहेत, शब्दाचा अर्थ आवाजाच्या चढउतारावर ठरतो. दक्षिण पंजाबातल्या सराईकीत ते नाहीत. मिरपूरजवळच्या खडी शरीफचे सूफी कवी मियाँ मुहम्मद बख्श दोन्हीकडे आपले मानले जातात. तुम्ही त्यांना कोणत्या रकान्यात बसवणार?

खानदेशी माणूस:
ना-नी वाचून चमकलो, आमच्या अहिराणीतही षष्ठी तीच! अहिराणीला मराठीची बोली म्हणणारे पुष्कळ आहेत, पण भारताच्या जनगणनेत ती मराठीखाली नाही, खानदेशीखाली मोजतात. म्हणून आम्ही मराठीपासून तुटलो का? अजिबात नाही. मोजणीला एवढं घाबरू नये.

पाचवा दर्या:
तुमच्याकडे मराठी शाळेत शिकवतात, राजभाषा आहे. पाकिस्तानी पंजाबात बहुसंख्यांची भाषा असूनही पंजाबी शिक्षणाचं माध्यम नाही, तिथे उर्दू आणि इंग्रजी. आधीच दुबळ्या केलेल्या भाषेतून १९८१च्या जनगणनेत सराईकी वेगळी काढली, आणि वायव्येकडची हिंदकोही. आता पोठोहारी. मग शाळेत पंजाबी मागायला मागे राहणार कोण?

उत्तरायण:
हे दुखणं खरं आहे, मला मान्य. पण त्याची किंमत पोठोहारी मुलाने का मोजायची? पाकिस्तानच्या २०२३च्या जनगणनेत सराईकी-हिंदकोला रकाना होता, पोठोहारीला नव्हता. उलट मंगला धरणामुळे उठवलेले मिरपुरी लोक १९६०च्या दशकात मोठ्या संख्येने ब्रिटनमध्ये गेले, आणि तिथल्या २०११च्या जनगणनेत मिरपुरी-पोठोहारीसह पहाडी पंजाबीपासून वेगळी मोजली गेली. परक्या देशाने जे नाव दिलं ते घरच्या सरकारने नाकारावं, हे मला पटत नाही. आणि पंजाबी शाळेत आली तरी पुस्तकात ‘करांगा’च छापतील. ‘करसां’ लिहिणाऱ्या पोराचे गुण तिथेही कापले जाणार.