फॅड कसलं, हे तर ड्रॅक्युलाच्याही आधीचं
व्हॅम्पायर (रक्त पिणारी भुतं) किंवा वेअरवुल्फ (लांडगा होणारी माणसं) असलेल्या पुरुषांच्या पुरुषांशीच लव्हस्टोऱ्या हे ईबुकवाल्यांनी काढलेलं फॅड आहे असं कुणीतरी म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. कार्ल हाइनरिश उलरिक्स या जर्मन लेखकाची 'मानोर' ही कथा १८८० च्या दशकातली आहे, 'ड्रॅक्युला' ही गाजलेली व्हॅम्पायर कादंबरी आली १८९७ ला. कथेत उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर मानोर नावाचा तरुण खलाशी हार नावाच्या एकाला बुडताना वाचवतो, दोघांचा जीव जडतो, मग मानोरच समुद्रात बुडून मरतो आणि रात्री कबरीतून उठून हारच्या अंथरुणात येतो, थंडगार अंगाने त्याला बिलगून छातीतून रक्त पितो. गावकरी प्रेतात खुंटा ठोकतात पण हारला तो परत यायलाच हवा असतो, शेवटी आपल्याला त्याच्याच शेजारी पुरा म्हणतो!

आणि हाच उलरिक्स १८६७ मध्ये म्युनिकला कायदेपंडितांच्या परिषदेत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कायद्यांविरुद्ध उघड बोलायला उभा राहिला होता, लोकांनी आरडाओरडा करून त्याला बोलू दिलं नाही.