टीसी लावून मॅक्रो: ऑटोफोकसचा नाद सोडलेला बरा?

काचबिंदू

मॅक्रो लेन्सच्या मागे टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसून प्रतिमा मोठी करणारं भिंग; पुढे नुसतं टीसी म्हणतो) लावला की ऑटोफोकस सरळ बंद करावा, असं माझं मत झालंय. लेन्सवरची कळ एमएफवर, म्हणजे हाताने फोकस करण्यावर, सरकवायची आणि पुन्हा तिला हात लावायचा नाही.

निमित्त परवाचं. पहाटे गवताच्या पात्यावर चतुर बसलेला, अंगभर दव, गारठ्याने हलायचं नाव नाही. असं सावज वर्षात चारदा मिळालं तरी खूप. १०० एमएम एफ/२.८ मॅक्रो, मागे २एक्स टीसी, खाली ट्रायपॉड. शटर अर्धं दाबलं की लेन्स अनंतापासून जवळच्या टोकापर्यंत जाऊन यायची, डोळ्याच्या अलीकडे कुठेतरी घुटमळायची आणि पुन्हा निघायची. वीस मिनिटं हा झोपाळा पाहिला. ऊन आलं, पंख थरथरले, चतुर गेला. हाती ४१ फ्रेम आल्या, त्यातल्या नेटक्या तीन. त्या तिन्ही रिंग हाताने फिरवून घेतलेल्या.

कारण शोधलं तर साधा हिशोब निघाला. डीएसएलआरची (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याची) फोकस यंत्रणा लेन्सच्या दोन विरुद्ध बाजूंनी आलेला प्रकाश ताडून बघते. बहुतेक बॉडींमध्ये (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा म्हणजे बॉडी) ही रचना एफ/५.६ पर्यंत चालते (एफचा आकडा मोठा तेवढा प्रकाश कमी), वरच्या बॉडींमध्ये काही बिंदू एफ/८ पर्यंत. आता एफ/२.८ ची लेन्स १:१ ला, म्हणजे विषय सेन्सरवर खऱ्या आकाराचा उमटेल इतकी, नेली की प्रत्यक्षात ती एफ/५.६ च्या आसपास जाते. (आतल्या आत फोकस करणाऱ्या लेन्समध्ये थोडं कमी. निकॉनची १०५ व्हीआर तिथे एफ/४.८ दाखवते. कॅननच्या बॉडीवर आकडा २.८ चाच राहतो, आणि आपल्याला वाटतं सगळं आलबेल आहे.) त्यावर टीसीचे दोन स्टॉप धरा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). झालं एफ/११! त्यातून माझ्या बॉडीला कळतं फक्त एफ/५.६, म्हणून ती प्रयत्न सोडतही नाही. दिसत काही नाही आणि थांबतही नाही.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर भांडावं.

हलता_पाला

भांडतो. तुमचा राग डीएसएलआरच्या आरशावर आहे, खापर मात्र ऑटोफोकसवर फोडताय.

मिररलेसमध्ये, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यात, फोकसचे बिंदू मुख्य सेन्सरवरच असतात, तिथे ती एफ/५.६ ची जुनी वेस राहत नाही. कॅननने २०२० मध्ये ६०० आणि ८०० एमएमच्या एफ/११ लेन्स काढल्या. त्यांवर २एक्स टीसी लावला की एफ/२२ होतं, आणि त्यांचा मिररलेस आर५ तिथेही फोकस करतो. मग तुमच्या एफ/११ चं काय एवढं?

मी गेली दोन वर्षं मिररलेसवर १.४ चा टीसी लावून कोळी टिपतोय. दहातल्या सहा फ्रेम मला हव्या तशा येतात. हाताने रिंग फिरवायचो तेव्हा तीन यायच्या, कारण डोळे आता पूर्वीचे राहिले नाहीत. चाळिशी लागलेल्याला एमएफचा उपदेश करणं सोपं असतं हो.

अर्धा_स्टॉप

दोघांचंही अर्धंच बरोबर. काचबिंदूंनी प्रकाशाचा हिशोब मांडला, पाल्यांनी तो मिररलेसने सुटतो म्हटलं. पण प्रकाश भरपूर असला तरी टीसी एक वेगळीच खोडी करतो, तिच्याबद्दल दोघेही गप्प.

२एक्स टीसी प्रतिमा आडवी-उभी दुप्पट करतो. खोलीच्या दिशेने मात्र तो चौपट करतो. खोलीतली वाढ वर्गाच्या हिशोबाने होते. म्हणजे फोकसची मोटर जे बारीकात बारीक पाऊल टाकू शकते, त्याचा सेन्सरवरचा परिणाम चौपट होतो. अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक) बारीक झाल्याने सेन्सरपाशी चालून जाणारी चूक वाढते, पण ती दुप्पटच. थोडक्यात, तीच मोटर आता दुप्पट नेमकी हवी. ती काही टीसी लावल्याने नेमकी होत नाही. कॅननचे ईएफ टीसी फोकसची गती मुद्दाम कमी करतात, १.४ वर निम्म्याने आणि २एक्सवर तीन चतुर्थांशाने, ते याचसाठी. त्याला लोक टीसीचा दोष म्हणतात. मी त्याला शहाणपण म्हणेन.

आता विषयाच्या बाजूने बघा. फुलफ्रेमवर (जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरवर) ०.०३ मिमी धूसरपणा चालवून घेतला, तर १:१ ला पूर्ण उघड्या एफ/२.८ वर नेटका पट्टा, म्हणजे खोलीतला जेवढा भाग स्पष्ट येतो तो, साधारण ०.३४ मिमी. टीसी लावून २:१ केलं की ०.१७. फोकस होतो तो उघड्या अ‍ॅपर्चरवर, म्हणजे कॅमेऱ्याला नेम धरायचाय तो या ०.१७ वर. हातात कॅमेरा धरून श्वास घेतला तरी माणूस त्याच्या कितीतरी पट पुढेमागे होतो. शटर दाबेपर्यंत फोकस शिळा. इथे एफ/२२ पर्यंत बघणारा सेन्सर काय करणार?

जुनी_तिपाई

कॅननच्या एमपी-ई ६५ या लेन्सला, जी १:१ पासून ५:१ पर्यंत जाते, ऑटोफोकस दिलेलाच नाही. फोकसची रिंगसुद्धा नाही, आहे ती रिंग फिरवली की फक्त पट बदलते. फोकससाठी अख्खा कॅमेरा पुढेमागे करायचा. बनवणाऱ्यांनीच हात जोडले, तिथे आपण कोण.

आणि मुळात टीसी कशाला? एक्स्टेन्शन ट्यूब घ्या. लेन्स आणि बॉडीच्या मधे बसणारी नुसती पोकळ नळी. आत काच नाही, त्यामुळे काचेचे दोष नाहीत.

काचबिंदू

तिपाईकाका, ट्यूब लावली की विषय लेन्सच्या नाकाला टेकतो. माझ्या लेन्सच्या टोकापासून १:१ ला जेमतेम वीतभर जागा उरते. ट्यूबने तीही जाते आणि माझीच सावली चतुरावर पडते. टीसीचा एकमेव मोठेपणा हा की अंतर तेवढंच राहून प्रतिमा मोठी होते. आणि प्रकाश ट्यूबमध्येही जातोच, फुकट काही मिळत नाही.

अर्धा_स्टॉप, चौपटीचा मुद्दा मला माहीत नव्हता. पण तो माझ्याच बाजूचा आहे, नाही का?

चतुरवेडी

मला या धाग्याचं शीर्षकच पटलेलं नाही. तुम्ही सगळे १:१ आणि २:१ धरून बसलात. क्लोजअप म्हणजे तेवढंच का?

चतुर, टाचण्या (चतुराचे सडपातळ भाऊबंद), फुलपाखरं टिपणारे कितीतरी लोक मॅक्रो लेन्स वापरतच नाहीत. माझं बघा. कॅननच्या १००-४०० एमएम झूमची दुसरी आवृत्ती, मागे १.४ चा टीसी. नुसती लेन्स ०.९८ मीटरवरून ०.३१ पट देते, टीसीने ती ०.४३ होते. अख्खा चतुर फ्रेममध्ये मावतो, आणि मी त्याच्यापासून जवळजवळ मीटरभर लांब. उघडं अ‍ॅपर्चर एफ/८. माझ्या जुन्या ७डी मार्क २ वर एकच मधला बिंदू चालायचा, तरीही उन्हात ऑटोफोकस लागायचा. वीस मिनिटं झोपाळा बघायची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

पण एक गोष्ट शिकायला मला वर्ष गेलं. या जोडीवर फोकस एकदा मागच्या झुडपावर गेला की पुढचा चतुर कॅमेऱ्याला अक्षरशः दिसत नाही. तो इतका धूसर होतो की ताडून बघायला रेघच उरत नाही. मग लेन्स आंधळ्यासारखी चाचपडते. म्हणून आधी रिंग हाताने फिरवून चतुर ओळखू येईल इतपत आणायचा, आणि मग बटण दाबायचं. शेवटचं बोटभर अंतर ऑटोफोकस चुटकीसरशी कापतो. तुमच्या ४१ फ्रेमांत हे एकदा तरी केलंत का, काचबिंदू?

काचबिंदू

नाही केलं.

तरी ०.४३ पट आणि २ पट यांची तुलना म्हणजे ओढा आणि समुद्र. तुमच्याकडे नेटका पट्टा काही मिलिमीटरचा असणार.

हलता_पाला

चतुरवेडीताईंना पूर्ण अनुमोदन. मॅक्रो लेन्सवर तर याहून सोपी सोय असते, लिमिटरची कळ. ती जवळच्या टप्प्यावर टाकली की लेन्स अनंतापर्यंत धावतच नाही. काचबिंदू, तुमचा झोपाळा लिमिटर ‘फुल’वर असल्याचं लक्षण आहे. पैज लावतो.

अर्धा_स्टॉप यांना उत्तर: हात हलतो म्हणूनच तर सतत चालणारा ऑटोफोकस वापरायचा. मी पुढे सरकलो की तोही सरकतो. एका बिंदूवर थांबवून ठेवलात तर शिळा होणारच.

अर्धा_स्टॉप

सतत चालणारा म्हणजे सतत उशिरा पोचणारा. तो तुमच्या मागच्या डुलण्याचा अंदाज घेऊन पुढचं पाऊल टाकतो, आणि माणूस काही लंबकासारखा ठरलेल्या तालात डुलत नाही. ०.४ पटीला जमेल, तिथे ताईंशी माझं भांडणच नाही. २:१ ला मी उलटं करतो. फोकस गोठवायचा, कॅमेरा डोळ्याला लावून अंग हळूच पुढे झुकवायचं आणि नेटका पट्टा डोळ्यावरून सरकत असताना पाच-सात फ्रेम सोडायच्या. एखादी लागतेच.

मिररलेसवाल्यांसाठी एक पुरवणी. त्यातल्या बऱ्याच बॉडींचे बिंदू एकाच दिशेच्या रेघा नीट पकडतात. आडव्या काडीवर आडवी टाचणी आणि कॅमेराही आडवा, मग फोकस भिरभिरला की लोक टीसीला शिव्या देतात. कॅमेरा थोडा तिरका करून फोकस घ्या, मग सरळ करा. दरवेळी नाही, पण चालतं.

नवा_गडी

मधेच विचारतो, माफ करा. टीसीच्या काही पिनांवर चिकटपट्टी लावली की बंद पडलेला ऑटोफोकस सुरू होतो असं ऐकलंय. करू का? आणि कुठलाही टीसी कुठल्याही मॅक्रोला बसतो का?

जुनी_तिपाई

बसत नाही! आधी ते बघा, मग चिकटपट्टी. कॅननच्या स्वतःच्या ईएफ टीसीची पुढची काच बाहेर आलेली असते. १०० एमएम मॅक्रोच्या मागे ती घुसवायला गेलात तर काचेला काच लागेल. मधे १२ एमएमची ट्यूब टाकून लोक जोडतात, पण मग अनंताचा फोकस जातो. मॅक्रोला त्याचं सोयरसुतक नाही म्हणा. निकॉनची झेड १०५ आणि कॅननची आरएफ १०० त्यांच्या कंपनीचे टीसी घेतच नाहीत.

चिकटपट्टीने बॉडीला टीसी आहे हेच कळत नाही, म्हणून ती ऑटोफोकस बंद करत नाही. प्रकाश वाढत नाही. भर उन्हात ठसठशीत रेघ असली तर लागेल, सावलीत काचबिंदूंचा झोपाळा सुरू. आणि फोटोच्या नोंदीत अ‍ॅपर्चर, फोकल लांबी दोन्ही खोटी.

अर्धा_स्टॉप

नव्या गड्या, चिकटपट्टीपेक्षा एक छोटी एलईडी बॅटरी घे. विषयावर तिरका उजेड पडला की रेघा उठून दिसतात. डीएसएलआर असो वा मिररलेस, फोकसला तेच हवं असतं.

आणि टीसी लावून अ‍ॅपर्चर बेफाम बारीक करू नकोस. २एक्ससकट १६ ठेवलंस तर २:१ ला प्रत्यक्षात ते एफ/३२ असतं. तिथे विवर्तनानेच (बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो त्याने) प्रत्येक ठिपका सुमारे ४३ मायक्रॉनचा होतो. ४५ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेमवर म्हणजे जवळपास दहा पिक्सेल. लोक हा धूसरपणा फोकस चुकल्याचा समजतात आणि लेन्स दुरुस्तीला टाकतात.

काचबिंदू

कबुलीजबाब. लिमिटर बघितला, ‘फुल’वरच होता. पैज हरलो.

आज सकाळी पुन्हा गेलो. लिमिटर जवळच्या टप्प्यावर, चतुर हाताने दिसण्याइतपत आणला, मग ऑटोफोकस. लेन्स धावली नाही, हे मान्य. पण पूर्ण २:१ ला ती डोळ्याच्या कधी अलीकडे, कधी पलीकडे थांबत होती. बारा प्रयत्नांत दोनदा बरोबर. नंतर कळ एमएफवर टाकून, फोकस रेलवर कॅमेरा रेसभर सरकवत घेतलं तर बारात नऊ. टीसी काढून १:१ ला ऑटोफोकस मात्र झकास लागला. तेव्हा ताईंच्या ०.४३ पटीला माझं मत लागू नाही, ते मागे घेतो. १:१ च्या पुढे एक अक्षरही मागे घेत नाही.

हलता_पाला

बारा फ्रेमांवरून निकाल? तेही डीएसएलआरवर, ट्रायपॉडवर, थंडीने आखडलेल्या चतुरावर! तो तर मेणाच्या पुतळ्यासारखा बसलेला होता. उडी मारणाऱ्या कोळ्यामागे रेल घेऊन पळून दाखवा, मग बोलू.

चतुरवेडी

कोळी राहू द्या. काचबिंदू, त्या नऊ फ्रेम टाका आधी.